कंपनीच्या मेल सर्व्हरचा बॅकअप: कशावर घ्यायचा, कुठं ठेवायचा? (सांगली-कुपवाड)

भट्टीवाला
मंडळी, जरा डोकं लावा. कुपवाड एमआयडीसीत कास्टिंगची कंपनी आहे, मी तिथं आयटी बघतो, म्हणजे प्रिंटरच्या टोनरपासून फायरवॉलपर्यंत सगळं मीच. मेल सर्व्हर आमचा स्वतःचा आहे, झिंब्रा ८.८.१५ ओपन सोर्स (मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर), प्रॉक्समॉक्सवर (एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) एक व्हीएम म्हणजे आभासी मशीन करून त्यात बसवलाय. ८५ मेलबॉक्स आहेत आणि डेटा ९०० जीबीच्या घरात गेलाय कारण गिऱ्हाईक ड्रॉइंग मेलवरच पाठवतंय आणि आमची माणसं तीच ड्रॉइंग परत एकमेकांना फॉरवर्ड करत बसतात. आजवरचा बॅकअप म्हणजे रविवारी रात्री एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावायची, अख्ख्या व्हीएमची कॉपी काढायची, सोमवारी डिस्क काढून मालकांच्या घरी द्यायची. आता एका परदेशी गिऱ्हाइकाचं ऑडिट आलंय आणि त्यांच्या प्रश्नावलीत सरळ विचारलंय की मेलचा बॅकअप कसा घेता आणि तो परत चढवून बघितलाय का. मालकांना सांगितलं तर म्हणतात "रेड आहे की, दोन दोन डिस्क बसवल्यात, अजून काय पाहिजे?" लाखाच्या आत बसवा म्हणालेत. कुणी म्हणतंय आरसिंक (फक्त बदललेल्या फाइली कॉपी करणारी कमांड) लाव, कुणी म्हणतंय प्रॉक्समॉक्सचा बॅकअप सर्व्हर टाक, कुणी क्लाउड. मला कळंना कशाच्या मागं लागू.

सातारी_तर्री
आधी मालकांचं बघू. रेड म्हणजे दोन्ही डिस्कवर तोच डेटा एकदम लिहायचा, त्यामुळं एक डिस्क मेली तर काम थांबत नाही, त्याचं काम तिथं संपलं. कुणी मेल डिलीट केला की तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणाला जातो, रॅन्समवेअर (फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस) आलं की दोन्हीकडं एकदमच कुलूप. हे मालकांना त्यांच्याच लॅपटॉपवर करून दाखवा, एक फोल्डर उडवा आणि म्हणा आता रेडमधून काढून द्या.

आता तुमचा प्रश्न. आरसिंक का क्लाउड हे नंतर. मला आधी सांगा तुमच्याकडं गेल्या वर्षा-दोन वर्षांत बॅकअपमधून काय मागितलं गेलं? अख्खा सर्व्हर का एखादा मेल?

भट्टीवाला
खरं सांगायचं तर सर्व्हर कधीच नाही. मागतात ते एकेक मेल. परचेसचे साहेब म्हणतात मार्चमधला तो रेटचा मेल दिसत नाही. डिस्पॅचचा एकजण नोकरी सोडून जाताना सगळा इनबॉक्स साफ करून गेला, त्याच्यातला गिऱ्हाइकाचा अप्रूव्हल पाहिजे होता. तो रविवारच्या डिस्कवर असायला पाहिजे, पण त्यासाठी ९०० जीबीची व्हीएम कुठंतरी चढवायची आणि त्यातून एक मेल काढायचा, तेवढी जागाच नाही दुसरीकडं.

सातारी_तर्री
बघा, म्हणजे तुम्ही बॅकअप घेताय एका संकटाचा आणि लोक येतायत दुसऱ्याच संकटाला घेऊन. अख्खी व्हीएम ही सर्व्हर जळाला, बुडाला तर उपयोगाची. एक मेल पाहिजे असेल तर ती वाट लई लांबची. एका पद्धतीत दोन्ही बसवायच्या नादाला लागू नका, बसत नाही.

एका मेलसाठी पहिला उपाय फुकटातला आहे. झिंब्रात डम्पस्टर म्हणून सोय असते, क्लास ऑफ सर्व्हिसमध्ये (वापरणाऱ्यांच्या गटाचं सेटिंग) चालू करायची. ट्रॅश रिकामा केला तरी मेल ३० दिवस मागं राहतो आणि वापरणाऱ्याला स्वतःलाच ट्रॅशवर राइट क्लिक करून परत आणता येतो. मुदत वाढवताही येते, डिस्कवर जागा पाहिजे फक्त. तुमच्या परचेसच्या साहेबांचे निम्मे फोन एवढ्यानं बंद होतील.

सतारीची_तार
मिरजेहून. आमच्याकडं हॉस्पिटलचा मेल पोस्टफिक्स-डव्हकॉटवर (मेल पाठवणारं आणि मेलबॉक्स सांभाळणारं सॉफ्टवेअर) आहे, मेलडिर फॉरमॅट, झिंब्रा नाही, त्यामुळं माझं थोडं वेगळं आहे. पण इथं वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिते कारण या दोन्हींत बॅकअपच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मेलडिरमध्ये एक मेल म्हणजे एक फाइल. वाचला, स्टार केला, उत्तर दिलं की फाइलचं नावच बदलतं, नावाच्या शेवटी कोलन, दोन, स्वल्पविराम आणि पुढं खुणेची अक्षरं लागतात. आरसिंकला वाटतं जुनी फाइल गेली नवीन आली, ते सगळं परत कॉपी करत बसतं. आणि ते कोलन म्हणजे अजून एक डोकेदुखी, विंडोजला फाइलच्या नावात कोलन चालत नाही. एक्सफॅट (विंडोजचा डिस्क फॉरमॅट) केलेली एक्स्टर्नल डिस्क लावून मेलडिर कॉपी करायला जा, एररचा पाऊस पडतो, आणि स्क्रिप्ट नीट लिहिलेली नसली तर एरर कुणी बघतच नाही, दुसऱ्या दिवशी 'बॅकअप पूर्ण' असा मेल येतो. म्हणून आम्ही बोर्ग (बॅकअपचं सॉफ्टवेअर) वापरतो. तो फाइलच्या नावाकडं नाही, आतल्या मजकुराच्या तुकड्यांकडं बघतो, नाव बदललं तरी मजकूर तोच असेल तर परत साठवत नाही. रेस्टिकही असंच करतं. दोन्हीत एन्क्रिप्शन आहेच.

झिंब्रात मेलच्या फाइली एकदा लिहिल्या की बदलत नाहीत, वाचला-न वाचला वगैरे सगळं मारियाडीबी या डेटाबेसमध्ये जातं. त्यामुळं आरसिंक तिथं सुसाट चालतो, पण नुसत्या फाइली आणून उपयोग नाही, डेटाबेसमध्ये नोंद नसेल तर ती फाइल म्हणजे बेवारस. फाइली, मारियाडीबी आणि एलडॅप (वापरणाऱ्यांची खाती, पासवर्ड असतात ती डिरेक्टरी), तिन्ही एकाच वेळेचं पाहिजे.

भट्टीवाला
ताई, हेच विचारायचं होतं. चालू सर्व्हरवर आरसिंक मारला तर तिन्ही एकाच वेळेचं कसं राहणार? तासभर तरी चालणार तो.

सतारीची_तार
राहणार नाही. जुनी पद्धत अशी की दिवसा चालू सर्व्हरवरच एक आरसिंक मारून घ्यायचा, रात्री झिंब्रा बंद करून दुसरा मारायचा, तो फक्त फरक उचलतो त्यामुळं लवकर आटोपतो, मग सर्व्हर चालू. पण फाउंड्रीत तिसरी शिफ्ट असेल तर रात्री मेल बंद ठेवलेला चालेल का ते तुम्हीच बघा.

आणि आरसिंक करणार असाल तर दोन खड्डे आधीच सांगून ठेवते. एक म्हणजे एकच मेल दहा जणांना आला की झिंब्रा फाइल एकदाच ठेवतो आणि बाकी नऊ हार्डलिंक करतो, म्हणजे त्याच फाइलला नुसती वेगळी नावं. आरसिंकला हार्डलिंक सांभाळ असं सांगितलं नाही तर कॉपीत दहाच्या दहा फाइली होतात आणि ९०० जीबीचे किती होतील देव जाणे. दुसरं, एलडॅपची डेटा फाइल स्पार्स असते, आकार बघितला तर ८० जीबी दाखवते आणि आत खरा माल काही एमबीच. स्पार्सचा फ्लॅग दिला नाही की तो खरोखरचे ८० जीबी लिहीत बसतो. आमच्या ओळखीच्या एकांची डिस्क दर आठवड्याला यामुळंच भरत होती आणि ते बिचारे मेल डिलीट करा म्हणून स्टाफच्या मागं लागले होते.

क्लाउडात_चला
एवढा उपद्व्याप कशाला? गूगल वर्कस्पेस नाहीतर मायक्रोसॉफ्ट ३६५ घ्या, सर्व्हर विकून टाका भंगारात. बॅकअपची चिंता त्यांची. २०२६ मध्ये स्वतःचा मेल सर्व्हर कोण चालवतं राव.

सातारी_तर्री
सर्व्हर चालू राहील याची चिंता त्यांची, तुमच्या माणसानं काय उडवलं याची नाही. जीमेलमध्ये ट्रॅशमध्ये ३० दिवस, तिथून गेल्यावर ॲडमिनला अजून २५ दिवस परत आणता येतो, मग संपलं. एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये डिलीट केलेला मेल मूळ सेटिंगला १४ दिवस राहतो, वाढवून ३०. डिस्पॅचवाला मार्चमध्ये गेला आणि अप्रूव्हल जूनमध्ये आठवला तर तुम्ही तिथंही हात चोळत बसणार, वेगळं रिटेन्शन किंवा बॅकअप घेतलेला नसेल तर. आणि ८५ जणांचं दर महिन्याचं भाडं मालकांना सांगायला तुम्ही येणार का कुपवाडला?

क्लाउडात_चला
ते मान्य. पण ८.८.१५ चा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२३ ला संपलाय हे पण सांगा की त्यांना. बॅकअपपेक्षा मोठं भोक ते आहे.

सातारी_तर्री
याला मात्र शंभर टक्के दुजोरा. आणि त्याचा बॅकअपशी थेट संबंध आहे. २०२२ मध्ये झिंब्रात सीपीआयओवाली त्रुटी निघाली होती, नुसता एक खास बनवलेला मेल पाठवून सर्व्हरवर वेबशेल (चोराला बाहेरून हुकूम चालवता येतील अशी फाइल) टाकता येत होतं, अमाविस (मेल तपासणारा प्रोग्राम) अटॅचमेंट उघडून तपासायला जायचा आणि तिथंच फसायचा. अशा सर्व्हरच्या अख्ख्या व्हीएमचा बॅकअप घेतला तर त्यात ते वेबशेलपण येतं की. परत चढवलं की चोर घरातच. तेव्हा सर्व्हर कोरा उभा करायचा आणि मेल तेवढे त्यात ओतायचे, म्हणजे मेलबॉक्सवार एक्स्पोर्ट हाताशी पाहिजे. दोन पद्धती ठेवा म्हणतोय त्याचं हे दुसरं कारण.

विटेकर_आप्पा
पोरांनो, टेपचं नाव कुणीच घेतलं नाही. बँकेत उभी हयात टेप बदलण्यात गेली. एलटीओ-९ मध्ये एका टेपवर १८ टीबी बसतंय, कपाटात ठेवली की तिला व्हायरस नाही, लाइट नाही, हॅकर नाही. पण ड्राइव्हच तुमचं लाखाचं बजेट खाऊन वर हात पुढं करंल, त्यामुळं तुमच्यासाठी नाही. टेपमधला जो गुण आहे तो मात्र घ्या, म्हणजे कॉपी काढली की वायरपासून तोडायची. दोन-तीन यूएसबी डिस्क घ्या, आळीपाळीनं लावा, एक कायम बाहेर. तुमची आत्ताची एकच डिस्क आहे, ती रविवारी रात्री सर्व्हरला लागलेली असती. त्याच रात्री घोळ झाला तर मूळ आणि कॉपी दोन्ही एकाच टेबलावर.

तीन कॉपी, दोन प्रकारच्या माध्यमावर, एक गावाबाहेर, हा ३-२-१ चा नियम जुना आहे पण अजून तरी मोडायला कुणाला जमलेला नाही.

आयर्विनकाठचा
आप्पांच्या 'गावाबाहेर' वरून बोलतो. सांगलीत गावाबाहेर म्हणजे किती बाहेर? २०१९ ला आमच्या ओळखीच्या एका ट्रेडिंग फर्मचं ऑफिस मार्केट यार्डाच्या बाजूला आणि बॅकअपची डिस्क मालकांच्या घरी, घर गावभागात, म्हणजे नदीकाठच्या जुन्या सांगलीत. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका पातळी, त्या ऑगस्टला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. घराचा तळमजला गेला, देवघराच्या शेजारच्या कपाटात डिस्क, कपाटासकट गेली. ऑफिसातला सर्व्हर सुखरूप होता, पण लाइट नाही, नेट नाही, जनरेटरला डिझेल नाही. नशीब सर्व्हरला काही झालं नाही, नाहीतर कॉपी पाण्यात होती.

भट्टीवाला, तुमच्या मालकांचं घर कुठं आहे?

भट्टीवाला
गावभागातच 😐

आयर्विनकाठचा
मग झालं. कुपवाड उंचावर आहे, पाण्याची भीती कंपनीला नाही, तुमच्या कॉपीला आहे. वर्षभर नसली तरी जुलै-ऑगस्टमध्ये तरी ती डिस्क गावभागात ठेवू नका. २००५, २०१९, २०२१, तीनदा बघितलंय.

आणि कोल्हापुरात कुणी पाहुणा असेल तर तिकडं ठेवतो असं पण म्हणू नका. कृष्णा आणि पंचगंगा एकदमच फुगतात. २०१९ ला कोल्हापूरजवळ हायवेच पाण्याखाली जाऊन बंद होता, ट्रकची रांग बघितलेल्यांना आठवत असंल. आपण बुडालो तेव्हा तेही बुडालेले, मग ती दुसरी जागा कसली. आप्पांच्या विट्याला ठेवा नाहीतर जतला, तिथं पाण्याचं संकट उलटं आहे.

विटेकर_आप्पा
ठेवा की, भाडं घेत नाही. चहाला या म्हणजे झालं.

सातारी_तर्री
साताऱ्याला पण या, दोन-अडीच तासांचा रस्ता आहे. आमच्याकडं पूर नाही. १९६७ चा कोयनेचा भूकंप कुणी काढू नये ही नम्र विनंती 😄

आता मुद्द्यावर. प्रॉक्समॉक्स तुमच्याकडं आहेच, तर त्यांचा बॅकअप सर्व्हर टाका, पीबीएस. फुकट वापरता येतो, एखाद्या जुन्या डेस्कटॉपवर ४ टीबीच्या दोन डिस्क मिरर करून बसवा. तुमचं आत्ताचं होतं काय की दर रविवारी ९०० जीबी पहिल्यापासून लिहिले जातात. १०० एमबी प्रति सेकंद धरले तरी अडीच तास, आणि यूएसबी डिस्क तेवढा वेग शेवटपर्यंत टिकवत नाही. पीबीएस पहिल्यांदा सगळं घेतो, नंतर डिस्कचे जे तुकडे बदलले तेवढेच. व्हीएम चालू असताना त्या तुकड्यांवर खूण राहते त्यामुळं रोज रात्रीचं काम मिनिटांत होतं. व्हीएम पूर्ण बंद करून चालू केली की खुणा पुसल्या जातात, मग एकदा सगळी डिस्क वाचतो पण साठवतो फरकच, तेव्हा त्या रात्री वेळ लागला तर घाबरू नका. फॉरवर्ड केलेल्या ड्रॉइंगवर मात्र डीडुप्लिकेशनची (तोच मजकूर एकदाच साठवण्याची) फार आशा ठेवू नका, मेलच्या पोटात ती प्रत्येक वेळी वेगळ्या जागी पडतात.

फाइली-डेटाबेस-एलडॅप एकाच वेळेचं हा ताईंचा मुद्दा इथं आपोआप सुटतो कारण स्नॅपशॉट एका क्षणाचा. व्हीएममध्ये क्यूईएमयू गेस्ट एजंट तेवढा बसवा म्हणजे स्नॅपशॉटच्या वेळी फाइल सिस्टीम क्षणभर गोठवता येते.

सतारीची_तार
सहमत, झिंब्रासाठी आरसिंकपेक्षा हेच बरं. फक्त पीबीएसला अधिकार देताना जपा. प्रॉक्समॉक्सला जो यूजर देणार त्याला बॅकअप टाकण्याचा आणि परत आणण्याचा हक्क द्या, छाटण्याचा अजिबात नको, जुने बॅकअप काढणं पीबीएस स्वतः त्याच्या वेळापत्रकानं करेल. म्हणजे उद्या प्रॉक्समॉक्सचा पासवर्ड कुणाच्या हाती लागला तरी त्याला मागचे बॅकअप उडवता येणार नाहीत. आणि पीबीएसचा पासवर्ड वेगळा ठेवा हो, सगळीकडं कंपनीचं नाव ॲट १२३ नको.

नासवर (नेटवर्कवरची स्टोरेज पेटी) बॅकअप ठेवणाऱ्यांनी पण ऐका. माझ्या माहितीतल्या एका कारखान्यात नास विंडोजवर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला होता, अकाउंटच्या पीसीवर रॅन्समवेअर आलं, पहिलं सी, मग डी, मग झेड. बॅकअपच्या फाइली पण त्याच एक्स्टेन्शनच्या झाल्या. बॅकअपच्या मशीननं येऊन ओढून न्यावं, ज्याचा बॅकअप घ्यायचा त्याच्याकडं किल्लीच असू नये.

भट्टीवाला
हे पटलं. मग मेलबॉक्सवार एक्स्पोर्ट कसा? ओपन सोर्समध्ये झेडएमबॅकअप (झिंब्राची बॅकअपची कमांड) येत नाही ना.

सातारी_तर्री
नाही, तो नेटवर्क एडिशनमध्येच, म्हणजे विकतच्या आवृत्तीत. तुम्हाला झेडएममेलबॉक्स कमांडनं एकेक मेलबॉक्स टीजीझेड (एकच दाबलेली फाइल) करून काढता येतो, मेल, कॉन्टॅक्ट, कॅलेंडर सगळं येतं. पण ८५ च्या ८५ रोज काढू नका, सर्व्हर दमतो. तारखेची अट घालून मागच्या आठवड्याचेच मेल पण काढता येतात. मी असतो तर सेल्स, परचेस, क्वालिटी आणि मालक एवढे दर आठवड्याला, बाकीचे महिन्यातून एकदा. नोकरी सोडणाऱ्याचा मात्र राजीनामा आला त्याच दिवशी, निरोप समारंभाच्या दिवशी नाही.

टीजीझेडमध्ये पासवर्ड, फिल्टर, सही येत नाही, ते एलडॅपमध्ये असतं. झेडएमस्लॅपकॅटनं एलडॅपचा डम्प रोज घ्या, छोटासाच असतो.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरात समजा. परत चढवताना रिझॉल्व्ह म्हणून पर्याय असतो. 'स्किप' दिलं तर आहे ते तसंच ठेवून नसलेलं भरतो. 'रीसेट' दिलं तर आधीचं पुसून मग भरतो. नेटवर जिकडंतिकडं कॉपी-पेस्टच्या कमांडमध्ये रीसेट लिहिलेलं सापडतं, ते कोऱ्या सर्व्हरसाठी ठीक आहे, चालू माणसाच्या मेलबॉक्सवर नको.

खतावणी
मी आयटीतली नाही, विश्रामबागेत सीए आहे, पण हा धागा एका क्लायंटनं पाठवला म्हणून दोन ओळी. किती वर्षं ठेवायचं हे कुणीच बोललं नाही. कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणं हिशोबाची पुस्तकं आणि त्यांची व्हाउचर ८ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात, जीएसटीत वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने. ऑगस्ट २०२२ पासून इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्याच सर्व्हरवर पाहिजे असा नियम आहे. हे पुस्तकांबद्दल आहे, प्रत्येक मेलबद्दल नाही, पण तुमचे पीओ (खरेदी ऑर्डर) आणि डेबिट नोटा मेलवरच येत असतील आणि वेगळ्या कुठं काढून ठेवत नसाल तर मेलबॉक्सच तुमची व्हाउचर फाइल झाली ना. क्लाउड घेतलात तर जागा मुंबई-हैदराबादची निवडा म्हणजे वादच नको.

दुसरं, कोर्टात मेल दाखवायची वेळ आली तर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागतं, जुनं ६५ब गेलं. नव्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू (फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा) लिहावी लागते. तेव्हा एक्स्पोर्ट काढलात की हॅश तेव्हाच काढून ठेवा, तीन वर्षांनी वकिलानं मागितल्यावर नको.

सतारीची_तार
खतावणीताई, फार कामाचं लिहिलंत. याला जोडून, आठ वर्षांची मागणी बॅकअपकडून पुरी करू नका, त्याला आर्काइव्ह वेगळा लागतो. बॅकअपमध्ये रात्री २ वाजता जे होतं ते असतं. सकाळी १० ला आलेला मेल ११ ला उडवला, डम्पस्टर बंद असेल तर तो कुठल्याच बॅकअपमध्ये नाही. पोस्टफिक्समध्ये ऑलवेज बीसीसी लावून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मेलची एक प्रत आर्काइव्हकडं वळवायची. पायलर म्हणून ओपन सोर्स आर्काइव्ह आहे, शोध चांगला आहे, एकच अटॅचमेंट दोनदा साठवत नाही, तुमच्या ड्रॉइंगांना बरं. स्टाफला मात्र लेखी कळवा की कंपनीच्या मेलची प्रत ठेवली जाते, गुपचूप करू नका.

आणि लॉग. सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणं १८० दिवसांचे लॉग ठेवायचे आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची. झिंब्राचे लॉग रोटेट होऊन त्याच्या कितीतरी आधी पुसले जातात, ते वेगळ्या मशीनवर पाठवत राहा.

भट्टीवाला
क्लाउडचं पण विचारून टाकतो. कंपनीत अपलोडला ५० एमबीपीएस मिळतंय. पीबीएस कुपवाडात आणि तिसरी कॉपी क्लाउडला, असं?

सातारी_तर्री
गणित करा. ९०० जीबी ५० एमबीपीएसवर म्हणजे ४० तास, तेही लाइन अख्खी त्यालाच दिली तर. एकदाच करायचंय, शनिवार-रविवारी होऊन जाईल. खरा प्रश्न खाली उतरवताना, १०० एमबीपीएसवर पूर्ण २० तास. पूर आलाय, कंपनीला नेटच नाही, तर कुठं उतरवणार? त्यापेक्षा दुसरा छोटा पीबीएस दुसऱ्या गावात ठेवा, तो तुमच्या पीबीएसमधून रोज रात्री ओढून घेईल. वेळ आली तर गाडीत घालून आणता येतो. मेल सर्व्हर दोन दिवस बंद राहिला तरी बाहेरचे मेल लगेच परत जात नाहीत हेही मालकांना सांगा, समोरचा सर्व्हर थांबून थांबून पाठवत राहतो, पोस्टफिक्सचं मूळ सेटिंग ५ दिवसांचं आहे. म्हणजे विट्याहून पेटी आणायला वेळ आहे.

क्लाउड घेतलंच तर स्वस्तातलं बघून डीप आर्काइव्हमध्ये टाकू नका. ॲमेझॉनच्या त्या प्रकारात माल बाहेर काढायला १२ तास, बल्कनं मागितला तर ४८, त्यानंतर उतरवणं सुरू, आणि उतरवण्याचे पैसे वेगळे. ८ वर्षांच्या आर्काइव्हला ठीक आहे.

विटेकर_आप्पा
दुसऱ्या गावात जाणार म्हणजे एन्क्रिप्शन लावणारच. मग ती की कुठं ठेवणार ते आधी ठरवा. बऱ्याच ठिकाणी ती त्याच सर्व्हरवर असती, म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच टाकून दार ओढून घेतल्यासारखं. पीबीएसला कागदावर छापायची की काढता येती, क्यूआर कोडसकट. छापा, लखोट्यात घाला, एक मालकांच्या बँक लॉकरमध्ये, एक सीएंकडं.

खतावणी
सीएंकडं ठेवा पण पोहोच घ्या 🙂

भट्टीवाला
मालकांशी बोललो. गावभाग म्हटल्यावर लगेच ऐकलं, २०२१ ला त्यांचा पण तळमजला गेला होता. ठरलंय ते असं: डम्पस्टर आजच चालू केला, मुदत ९० दिवस. जुना टॅली सर्व्हर पडून होता त्याला नवीन डिस्क टाकून पीबीएस, रोज रात्री. दुसरी पेटी मालकांच्या मेव्हण्यांकडं विट्याला, त्यांच्या घरी फायबर आहे, व्हीपीएन लावून ओढून घेईल (आप्पा, चहाला येतोच). यूएसबी डिस्क तीन, एक कायम वायरीपासून लांब, गावभागात एकही नाही. निवडक मेलबॉक्सचे टीजीझेड दर शनिवारी आणि एलडॅप डम्प रोज. पायलर पुढच्या तिमाहीत, आधी झिंब्राचं अपग्रेड का दुसरं काही ते ठरवायचंय. ऑडिटवाल्यांना परत चढवलेलं दाखवायचंय म्हणून या रविवारी पीबीएसमधून व्हीएम दुसऱ्या मशीनवर चढवून बघतोय.

सतारीची_तार
थांबा! चढवाल तेव्हा चालू करण्याआधी नेटवर्क कार्ड डिस्कनेक्ट करा, प्रॉक्समॉक्सच्या हार्डवेअर टॅबमध्ये टिक आहे. नाहीतर दोन सर्व्हर एकाच आयपीवर भांडतात, आणि बॅकअपच्या क्षणी क्यूमध्ये अडकलेले मेल ती कॉपी उठल्या उठल्या परत पाठवायला लागते. गिऱ्हाइकाला तेच कोटेशन दुसऱ्यांदा जायचं.

भट्टीवाला
ताई, बरं झालं सांगितलंत. डिस्कनेक्टवर टिक मारली, मग कन्सोलवरनं चालू केला. झिंब्रा उठला, मारियाडीबीनं थोडी रिकव्हरी केली, एलडॅप ठीक. क्वालिटीच्या साहेबांना शेजारी बसवून त्यांचा मार्चमधला मेल उघडून दाखवला, अटॅचमेंटमधलं ड्रॉइंग पेनड्राइव्हवर घेऊन उघडलं, फोटो काढला, ऑडिटच्या फाइलला लावला.

एक शंका राहिली. इंडेक्सचं फोल्डर बरंच मोठं आहे. पुढं आरसिंक केलंच तर ते वगळलं तर चालंल का?

सातारी_तर्री
चालतं. तो शोधापुरता आहे, मेलवरून परत बनवता येतो. फक्त ८५ मेलबॉक्सचं री-इंडेक्स व्हायला वेळ जातो आणि तोवर सर्चमध्ये जुनं काही सापडत नाही, लोक म्हणतात मेल गेले. तेवढी नोटीस आधी लावा.